सँ-वेराँ : उंचावरचे एक गाव

फ्रान्सच्या आग्नेयेस, इटलीच्या सीमेलगत, आल्प्स पर्वताच्या केरास खोऱ्यात सँ-वेराँ नावाचे गाव आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,०४० मीटर. येथील कोंबड्या आकाशातले तारे टिपतात, अशी त्या प्रदेशात म्हणच आहे.

गावाची रचना तेथील जीवनक्रमाला अनुसरूनच झाली. खाली दगडी भिंती, वर लार्च वृक्षाच्या ओंडक्यांचा मजला, त्यात गवत आणि धान्य. हिवाळ्यात माणसे व जनावरे एकाच छपराखाली राहत. गुरांच्या अंगची ऊब हीच घराची ऊब असे. लाकडाला आगीचे भय फार, म्हणून वस्तीच्या निरनिराळ्या भागांत मोकळी जागा सोडलेली आहे. प्रत्येक भागाचा पाणवठा निराळा आणि क्रूसही निराळा.

अशा गावातून माणसे जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा केरासमधील अनेक कुटुंबे देशांतरास गेली. पुढे हिवाळ्यात शेते बर्फाखाली गेली की या डोंगराळ मुलुखातील शिकलेली माणसे शिक्षकी करण्यास सखल प्रदेशात उतरत. टोपीत एक पीस असेल तर वाचन-लेखन, दोन असतील तर गणितही, आणि तीन असतील तर लॅटिनसुद्धा शिकविणार, असा त्यांचा संकेत असे. वसंत ऋतूत मात्र ते घरी परतत. १८३३ च्या कायद्याने गावोगाव शाळा काढण्याचे ठरले आणि या फिरत्या गुरुजींची गरज हळूहळू सरली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सँ-वेराँची वस्ती आठशेहून अधिक होती. पुढे १८८४ मध्ये जवळच्या ब्रियांसाँपर्यंत आगगाडी आली. शहरे जवळ आली, तसे जाणे सोपे झाले आणि परतणे अवघड. हंगामी स्थलांतर कायमचे झाले. आज वर्षभर राहणारे रहिवासी दोन-अडीचशेच्या आसपास आहेत.

तरीही गाव ओस पडले नाही. १९७७ मध्ये केरासचे प्रादेशिक निसर्गोद्यान स्थापन झाले. बर्फावरील खेळ आणि उन्हाळी पदभ्रमण यांनी रोजगार दिला. पण त्याबरोबर अर्ध्याहून अधिक घरे सुटीपुरती उघडणाऱ्यांची झाली. पूर्वी हिवाळा आला की माणसे गाव सोडून जात. आता हिवाळ्यातच ती गावात येतात.

जुनी लाकडी घरे उत्तम जतन झाली आहेत, हे खरेच. परंतु गावाचे आयुष्य केवळ घरांवर अवलंबून नसते. हंगाम संपून पाहुणे उतरून गेल्यावर किती धुराड्यांतून धूर निघतो आणि शाळेत किती मुले बसतात, यावरच ते ठरते. सँ-वेराँपुढील खरा प्रश्न हाच आहे.