पोट भरलं, पण बाळ उपाशी

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेर-कुडाशीकडच्या गावांत, सहा-सात महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा काय भरवता असं विचारलं तर उत्तरं दोन-चारच मिळतात: वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, नागलीची पातळ लापशी. पूर्वेकडे नागलीच्या जागी बाजरी येते, बाकी सगळं तेच. आजी बाळाला मांडीवर घेऊन भरवते, काही चमचे गेले की ते तोंड फिरवतं, आणि आजी वाटी खाली ठेवत म्हणते, "पोऱ्यानं पोट भरी गयं." तिचं म्हणणं बरोबर असतं. पोट खरोखरच भरलेलं असतं. तरीही बाळ उपाशी राहतं. ते कसं, हे शोधण्यात आहारशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं घातली आहेत.

हिशेब अवघड नाही. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. त्यानंतर, दूध चालू ठेवूनही, सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी मिळायला हव्यात. नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५०, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बाळाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे ३० मिलीलीटर धरतात. म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी एक मोठी वाटी मावते, त्याहून जास्त नाही. १०० मिलीलीटर पाण्यात ५ ग्रॅम नागलीचं पीठ शिजवलं तर लापशी पिण्याजोगी होते, पण तिच्यातून मिळतात १७ च्या आसपास किलोकॅलरी. आईच्या तेवढ्याच दुधात ६५ ते ७० असतात. अख्खी वाटी पोटात गेली तरी पदरात पडतात पस्तीसेक, आणि पोट भरल्यामुळे बाळ दूधही कमी पितं. वरणाच्या पाण्याची गत याहून वाईट. डाळ पातेल्याच्या तळाशी राहते आणि मोठ्यांच्या ताटात जाते. बाळाच्या वाट्याला हळद, मीठ आणि वास. डाळीची ताकद पाण्यात उतरते या एका समजुतीपायी किती बाळांची वाढ खुंटली असेल, या विचारानं जीव कासावीस होतो.

मग पीठ चौपट करा, असं कुणीही म्हणेल. तिथेच घोडं अडतं. धान्यातला स्टार्च पाण्यात तापला की त्याचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांतल्या लांब साखळ्या बाहेर पडून एकमेकींत अडकतात, आणि लापशी दाटते. शंभराला वीस या प्रमाणात पीठ घातलं तर गोळाच होतो. दात नसलेल्या, गिळायला नुकतंच शिकणाऱ्या बाळाच्या घशाखाली तो उतरत नाही. बाळ ओकारी काढतं आणि घाबरलेली आई पुढच्या वेळी पाणी वाढवते. ती अडाणी म्हणून असं करते, हा शहरी समज मला मान्य नाही. डोळ्यांसमोर जे घडतं त्यावरूनच ती ठरवते.

या कोंडीतून वाट काढण्याचं मोलाचं काम आपल्या शेजारी झालं, बडोद्याला. ज्या सयाजीराव महाराजांच्या नावानं तिथलं विद्यापीठ १९४९ मध्ये उभं राहिलं, ते जन्मले मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याला. साक्रीकरांना ते गाव परकं नाही. या विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागात प्रा. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक साधा उपाय पारखला. धान्याला मोड येताना त्याच्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. रोपट्याला वाढायला साखर हवी असते, म्हणून हे विकर दाण्यातल्या स्टार्चच्या साखळ्या तोडतं. मग तेच विकर बाळाच्या वाटीत का वापरू नये? मोड आलेले गहू वाळवून, हलके भाजून दळायचे आणि त्यातलं थोडंसं पीठ घट्ट लापशीत घालायचं. साखळ्या तुटतात, लापशी सैल होते, आणि पिठाचा कणही कमी होत नाही. त्याच सुमारास टांझानियातही हाच गुण शास्त्रज्ञ तपासत होते, आणि नागलीच्या माल्टवर, म्हणजे मोड आणून केलेल्या पिठावर, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी यांनी दीर्घ काम केलं. भरडधान्यांमध्ये मोड आलेल्या नागलीत हे विकर भरपूर तयार होतं. डोंगरउतारावर नागली पिकवणाऱ्या भागासाठी याहून चांगली बातमी कोणती?

हा प्रयोग कुणालाही चुलीवर करून पाहता येतो. नागली रात्रभर भिजवा, निथळून ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस बांधून ठेवा. पांढरे कोंब डोकावले की उन्हात कडक वाळवा, मंद आचेवर जेमतेम भाजा आणि दळा. जास्त भाजलं तर विकर मरतं. आता पाण्यात नेहमीच्या चौपट साधं पीठ घालून लापशी चांगली शिजवा. चमचा उभा राहील इतकी ती घट्ट होईल. पातेलं उतरवून थोडी निवू द्या आणि मोडाचं अर्धा चमचा पीठ घालून ढवळत राहा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग चमच्याचा जोर हलका लागू लागतो, कडेचा भाग चकाकतो, आणि बघता बघता गोळ्याची खीर होते. ती चाखली तर किंचित गोडही लागते, कारण तुटलेल्या स्टार्चची काही साखर झालेली असते. शेवटी पुन्हा एक उकळी अवश्य आणायची: ओलाव्यात मोड येताना जंतूही वाढलेले असतात आणि बाळाच्या पोटाला ते झेपत नाहीत.

एक सूचना मात्र ठळकपणे द्यायला हवी. यासाठी ज्वारीला मोड आणू नका. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाल्ली की गुरं दगावतात, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही; कारण तेच आहे. नागली, गहू, बाजरी चालेल.

बडोद्याच्या गटानं हे पीठ मुलांवरही तपासलं. ६ ते २४ महिन्यांच्या मुलांना सहा महिने लापशी दिली: काहींना मोडाच्या पिठानं सैल केलेली, काहींना तशीच घट्ट. सैल लापशी मुलांनी जास्त खाल्ली आणि त्यांची वाढही सरस निघाली. १९९२-९३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण पुढे इतर देशांत निकाल एकसारखे लागले नाहीत. टांझानियाच्या किलोसा जिल्ह्यात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोड आणून सुधारलेल्या आहारानं मुलांच्या वाढीत फरक पडला नाही. मला हे निराशाजनक वाटत नाही. नुसत्या लापशीवर बाळ वाढत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुलाब होत राहिले तर खाल्लेलं अंगी लागत नाही. शिवाय तेल-तूप, डाळ, अंडं, दूध, भाजी यांची जागा स्टार्च घेऊ शकत नाही. लापशीत एक चमचा शेंगदाण्याचं तेल घातलं की चाळीस-पंचेचाळीस किलोकॅलरी वाढतात.

डाळीचं शहाणपण तर खानदेशच्या तव्यावर आहेच. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळला जातो. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. हीच भाकरी कुस्करून दाट वरणात कालवून दिली तर नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला उत्तम. ती बाळासाठी जड, असं मानून आपण त्याला पाणी पाजतो.

लोहाचं गणित आणखी नाजूक आहे. बाळ जन्माला येताना जो साठा आणतं तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. बाजरीत लोह आहे, पण तिच्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. मोड आणल्यानं फायटेट काहीसं घटतं. दुसरा मार्ग बियाण्याचा. इक्रिसॅट ही पीकसंशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून जादा लोहाचं 'धनशक्ती' हे वाण आणलं, आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली बाजरी संशोधन योजना याच वाटेवर काम करत आली आहे. अशी बाजरी अंगी लागते का, हे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर तपासलं. २०१३ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार साध्या बाजरीतून मुलांनी दिवसाला ०.२३ मिलिग्रॅम लोह शोषलं, जादा लोहाच्या बाजरीतून ०.६७.

"आमच्याकडची माणसं मुळात बारीकच", हे वाक्य दवाखान्यांत अजून ऐकू येतं. ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात भारतासह सहा देशांतल्या ८,००० हून अधिक मुलांची मापं घेतली. नीट खायला मिळालेली, निरोगी घरांतली दिल्लीची मुलं आणि नॉर्वेची मुलं पाच वर्षांची होईपर्यंत जवळपास सारखीच वाढली. महाराष्ट्रानंही बदल पाहिला आहे: २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती, २०१२ च्या पोषण सर्वेक्षणात हा आकडा २३ वर आला. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजीच निघाली.

खरी अडचण वेळेची आहे. बाळाला दिवसातून तीन-चार वेळा भरवायचं, तर भरवणारं कुणीतरी जवळ हवं. पश्चिम साक्रीतली कितीतरी कुटुंबं पावसाळा संपला की ऊसतोडीला गुजरातेत जातात. गावच्या अंगणवाडीतलं अमृत आहार योजनेचं अंडं-केळं बाळासोबत फडावर जात नाही. ज्या बाळाला दिवसातून दोनदाच नीट भरवलं जाणार, त्याच्या वाटीत दाट लापशी असणं सर्वांत गरजेचं. मोडाचं पीठ कोरडं ठेवलं तर काही आठवडे टिकतं, आणि एका बाळाला महिन्याला दोनशे ग्रॅम पुरेसं होतं. बचत गटाच्या चक्कीवर ते दळता येईल. कुटुंबं निघण्याआधीच अंगणवाडीतून ते त्यांच्या हातात पडायला हवं. आणि ते कसं वापरायचं हे आईबरोबर बाळाच्या आठ-दहा वर्षांच्या बहिणीलाही दाखवायला हवं, कारण आई फडात असताना भरवणारी बहुतेकदा तीच असते.