पाचगणीत नऊ आठवडे: भारतातल्या निवासी शाळेतला रोजचा दिवस

गेल्या महिन्यात मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये दोन वेगवेगळ्या आयांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मुलाला पाचगणीला ठेवलं होतंत ना? तिथे मुलं दिवसभर करतात तरी काय?" गाडीची काच खाली करून उत्तर देता येईल इतकं ते छोटं नाही, म्हणून आजचा हा भाग.

आधीच सांगतो, मी शिक्षणतज्ज्ञ नाही. आयटीत सल्लागार आहे. लोकांच्या प्रकल्पांना हिरवा, पिवळा, लाल रंग देणं हा माझा धंदा. आमचे चिरंजीव नववीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात पाचगणीच्या एका निवासी शाळेत राहून आले. शाळेचं नाव घेणार नाही, कारण पुढे एक तक्रारही करायची आहे.

परदेशातून मुलं पाचगणीला पाठवणं हे काही आपण शोधून काढलेलं नाही. पूर्व आफ्रिकेतली भारतीय कुटुंबं हे फार पूर्वीपासून करत आली. झांजिबारचा फारूख बलसारा नावाचा पारशी मुलगा असाच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथल्या मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, आणि पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. आमच्या मुलाला ही गोष्ट मी जाण्याआधी चार वेळा ऐकवली. चौथ्यांदा तो म्हणाला, "बाबा, मला गाता येत नाही."

जायचे मार्ग दोन. पहिला म्हणजे शाळा-ते-शाळा अदलाबदल. 'राउंड स्क्वेअर' ही शाळांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून आहे. डेहराडूनची दून स्कूल, सनावरची लॉरेन्स स्कूल अशा जुन्या निवासी शाळांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. तुमचा मुलगा तिकडे काही आठवडे, तिकडचा मुलगा तुमच्याकडे. फी सहसा ज्याची त्याने आपल्या शाळेत भरायची, विमानाचं तिकीट आपलं. पण त्यासाठी इथली शाळाही सदस्य हवी, आणि आपली बहुतेक मुलं जातात त्या सरकारी शाळा सदस्य नसतात. म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला: शाळेला थेट पत्र लिहून एका सत्रापुरता प्रवेश मागितला. तीन शाळांना लिहिलं. एकीने उत्तरच दिलं नाही, एकीने पूर्ण वर्षाची फी मागितली, तिसरी हो म्हणाली.

यत्ता जपून निवडा. सीबीएसईमध्ये दहावी आणि बारावीला मधूनच नवा प्रवेश सहसा मिळत नाही, कारण नववी-दहावी आणि अकरावी-बारावी अशा जोड्या एकत्र चालतात. आठवी, नववी, फार तर अकरावीची सुरुवात, इतकीच फट आहे. आणि महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या न्यू जर्सीच्या त्याच सुमारास मिटतात. हे छान जुळतं, पण त्याचा अर्थ तुमचं मूल ऐन पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर असणार. पाचगणी साधारण तेराशे मीटर उंचीवर. महाबळेश्वरइतका पाऊस तिथे नसतो, असं स्थानिक लोक अभिमानाने सांगतात. आमच्या मुलाला तो फरक कळला नाही.

आता दिवस. पावणेसहाला घंटा. ती खरोखरची घंटा असते, लोखंडी, आणि वाजवणारे मामा ती मनापासून वाजवतात. सव्वासहाला पीटी, मैदानावर चिखल असेल तर लांब ओसरीत. मग कपभर दूध किंवा चहा आणि दोन बिस्किटं. त्यानंतर पाऊण तास अभ्यास, ज्याला तिथे सगळे 'प्रेप' म्हणतात. मग आंघोळ. इथे पहिला धक्का. शॉवर नाही, बादली आणि तांब्या. गरम पाणी ठराविक वेळेत, रांगेने, माणशी एक बादली. आमच्या मुलाने पहिल्या दिवशी डोक्याला इतका शाम्पू लावला की बादली संपली तरी फेस उरला. शेजारच्या मुलाने आपली अर्धी बादली दिली. तो मुलगा जालन्याचा. पुढे तोच याचा जिवलग झाला.

मेसमध्ये नाश्त्याला पोहे, उपमा, आठवड्यातून एकदा इडली. प्रार्थनासभा, मग आठ तासिका. शिक्षक वर्गात आले की उभं राहायचं. उत्तर देतानाही उभं राहायचं. दुपारी पोळी, भाजी, वरण, भात. चारच्या सुमारास खाणं, मग खेळ: फुटबॉल, खो-खो, पावसाने गाठलंच तर कॅरम. सातला पुन्हा प्रेप, आठला जेवण, साडेनऊला दिवे बंद. आषाढी एकादशीला मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी होती आणि उपवास नसलेल्या मुलांनी ती उपवासवाल्यांपेक्षा जास्त खाल्ली, ही बातमी आम्हाला फोनवर सविस्तर मिळाली.

कपड्यांचं एक स्वतंत्र राज्य आहे. प्रत्येक मुलाला नंबर. शर्ट, चड्डी, मोजे, टॉवेल, चादर, सगळ्यावर तो नंबर शिवायचा. आमच्या आईने वाईला बसून अठ्ठावन्न कपड्यांवर लाल दोऱ्याने आकडे काढले. धोबी आठवड्यातून दोनदा कपडे नेतो. पावसाळ्यात ते दमट परत येतात आणि त्यांना एक विशिष्ट वास येतो. तो वास ऑगस्टअखेर आमच्या घरच्या कपाटातही आला.

मोबाइल नाही. हा नियम बहुतेक निवासी शाळांत आहे, आणि माझ्या मते असावा. रविवारी दहा मिनिटं ऑफिसातल्या फोनवरून घरी बोलायचं, आणि प्रत्येकाने घरी एक पत्र लिहायचं. हाताने. पोस्टाचं. भारतातले सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचा दीड. मला त्या वेळी ऑफशोअर टीमशी बोलायची सवय आहे, बायकोला नाही. तरी दर शनिवारी रात्री ती स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून जागी असायची.

फोनवर तो म्हणायचा, "सगळं मस्त." जेवण मस्त, मित्र मस्त, पाऊस मस्त. पहिला रविवार हिरवा, दुसरा हिरवा, तिसराही हिरवा. मी या धंद्यात वीस वर्षं आहे. सलग तीन आठवडे सगळं हिरवं दाखवणारा प्रकल्प मी कामावर कधी मानला नसता. घरी मानला.

पाचव्या आठवड्यात त्याचं पत्र आलं. तारीख दुसऱ्या रविवारची. म्हणजे ज्या दिवशी फोनवर "सगळं मस्त" होतं, त्याच दुपारचं. मराठीत पाच ओळी, जोडाक्षरं बहुतेक चुकलेली, मग कंटाळून इंग्रजीत दीड पान. मुलं त्याला नावाने नाही, 'ए अमेरिका' म्हणून हाक मारतात. त्याने वर्गात मराठी वाचलं की मागच्या बाकावर हसतात. रात्री दिवे गेल्यावर त्याला झोप येत नाही. आणि शेवटी, मला घरी यायचं आहे, पण आजीला सांगू नका, तिने इतके नंबर शिवले आहेत.

बायको त्याच रात्री तिकीट बदलायला बसली. मी वाईला आईला फोन लावला, कारण ती त्याची स्थानिक पालक होती. तिला हे सगळं आधीच माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यात ती भेटायला गेली तेव्हा त्याने फाटकापाशी तिचा हात सोडला नव्हता. "मग आम्हाला का नाही सांगितलंस?" मी चिडून विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही विमानात बसला असतात. आता तो बरा आहे. परवा आला होता, जालन्याच्या पोराला घेऊन. दोघांनी मिळून नऊ पुरणपोळ्या खाल्ल्या."

खरं काय मानायचं? पत्र तीन आठवडे जुनं, फोन खोटा, आणि आजी पक्षपाती. शेवटी वसतिगृहाच्या मेट्रनबाईंना गाठलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की पहिले तीन आठवडे बहुतेक नवी मुलं रडतात. जेवत नाही, खेळत नाही, एकटं बसून राहतं, ते मूल आम्ही घरी पाठवतो. हा जेवतो, खेळतो, आणि गेल्या आठवड्यात अंधारात टॉर्च लावून पत्ते खेळताना पकडला गेला. ती शेवटची माहिती ऐकून बायकोने लॅपटॉप मिटला.

हाक मात्र 'अमेरिका'च राहिली. शेवटपर्यंत. त्याने ती स्वीकारली एवढंच. मागच्या बाकावरचं हसणंही पूर्ण थांबलं नाही, पण जालन्याचा मित्र त्याच्याकडून रोज एक धडा वाचून घ्यायचा आणि बदल्यात याच्याकडून इंग्रजी नाटकातले उच्चार शिकायचा. नवव्या आठवड्यात तो पाटीवरचं 'श्रीक्षेत्र' अडखळत का होईना वाचू लागला.

आता तक्रार. सहाव्या आठवड्यात त्याला ताप आला. शाळेत आजारी मुलांची वेगळी खोली असते, परिचारिका असते, डॉक्टर येऊन जातात, तशी व्यवस्था होतीही. पण आम्हाला कळवलं दोन दिवसांनी. कारण दिलं की "साधा व्हायरल होता." असेल. तरी आठ हजार मैलांवरच्या आईबापांना तो साधा आहे की नाही हे दोन दिवसांनी कळणं मला मान्य नाही. म्हणून तुम्ही प्रवेशाआधीच लेखी विचारा: ताप किती आणि किती तास राहिला की फोन कराल, कोण करेल, आमच्याकडे रात्र असली तरी कराल ना? आम्ही हे विचारलं नव्हतं. जायच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांकडून टायफॉइड आणि हिपॅटायटिस 'ए'च्या लशींचं पाहून घ्या. नेहमीची औषधं मुलाच्या पेटीत नाही, चिठ्ठीसकट मेट्रनच्या ताब्यात द्या.

दुसरा प्रश्न संकोच न करता विचारा: मोठ्या मुलांनी त्रास दिला तर मूल कोणाकडे जाईल? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं यांना मनाई केली आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चांगली शाळा या प्रश्नाने दुखावत नाही. दुखावली तर पुढची शाळा बघा.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. आमच्याकडच्या मुलांना सादरीकरण जमतं, पाढे जमत नाहीत. तिथे गणिताला कॅल्क्युलेटर नाही. विज्ञानाची प्रयोगवही सुवाच्य अक्षरात, पेन्सिलने आकृत्या, पट्टीने समास. पहिल्या चाचणीत त्याला गणितात वीसपैकी नऊ मिळाले. इथे तो त्या विषयात हुशार समजला जातो. त्याला धक्का बसला, मला बरं वाटलं, बायकोला माझं बरं वाटणं आवडलं नाही. इथल्या शाळेने या नऊ आठवड्यांचं क्रेडिट दिलं नाही. तुम्हाला ते हवं असेल तर जाण्यापूर्वीच समुपदेशकाशी बोला. आल्यावर गुणपत्रिका दाखवून उपयोग होत नाही.

कागदपत्रं: ओसीआय कार्ड असेल तर वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. नसेल तर शाळेचं पत्र घेऊन व्हिसा काढावा लागतो, त्याला वेळ ठेवा. मुलाचा पासपोर्ट मध्यंतरी बदलला असेल तर नव्याची प्रत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवली आहे ना, तेवढं तपासा. आणि स्थानिक पालक असा निवडा, जो दोन तासांत शाळेच्या फाटकाशी पोहोचू शकेल. मुंबईतला श्रीमंत मामा त्या कामाचा नाही.

हा भाग लिहिण्याआधी मी चिरंजीवांना विचारलं, पार्किंगमधल्या त्या दोन काकूंना काय सांगू? परत जाशील का? पाचगणीला नाही म्हणाला. डिसेंबरात जालन्याला जायचंय, तिकडे मित्राच्या शेतात हुरडा असतो. मग थोडा विचार करून म्हणाला, "आणि त्यांना सांगा, मोज्यांचे बारा जोड द्या. सहा पुरत नाहीत. वाळतच नाहीत."