घुमटावरची बाई

उमरीसारख्या गावातल्या आपण बायका मुंबईला जातो त्या हौसेनं थोड्याच! कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, नाहीतर मोठ्या दवाखान्याचं काम. आपली लाइन मीटरगेज होती तेव्हा मनमाडला सामानसुमान उतरवून गाडी बदलावी लागे. आता देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुन्या माणसांचं बोरीबंदर. पण उतरल्यावर एका हातात पिशवी, दुसऱ्यात पोराचं बोट आणि नजर पुढे चालणाऱ्या यजमानांच्या पाठीवर! स्टेशन बघायचं राहूनच जातं.

त्यात लांबच्या गाड्या लागतात ८ ते १८ नंबरच्या फलाटांवर. तिकडून पूर्वेच्या रस्त्याला बाहेर पडलं, की इमारतीची देखणी दर्शनी बाजू पाठीमागेच राहते. ती आहे लोकलच्या फलाटांकडे.

ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली जात होती. खर्च आला १६ लाख १४ हजार रुपये. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या इंग्रजाचा. पण त्याचे साहाय्यक अभियंता होते सीताराम खंडेराव, आणि नक्षीकामाला हात लागले जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. म्हणून तर दगडात मोर आहेत, माकडं आहेत! फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, तो इंग्लंडचा. दुसरीकडे वाघ, तो आपला. २००४ साली युनेस्कोनं या स्टेशनाला जागतिक वारशात घेतलं.

आणि सगळ्यांत उंचावर, घुमटाच्या टोकाला कोण उभं आहे, ठाऊक आहे? एक बाई! उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या बाजूला चाक. तिचं नाव 'प्रगती'. इतकी वर्षं आपण तिच्या पायाशी येतो-जातो, पण मान वर करून तिला बघायला सवड होत नाही.

दवाखान्याच्या काळजीत असलेल्या बाईला हे सुचणार नाही, हे कळतं मला. पण परतीच्या गाडीला आपण तासभर आधी येऊन बसतोच ना? सामान घरच्यांजवळ ठेवा आणि भुयारी मार्गानं समोर महापालिकेच्या बाजूला जा. तीही इमारत स्टीव्हन्सचीच, बरं का! तिथून स्टेशन पुरतं दिसतं. रात्री दिव्यांत तर फारच छान!

यजमान घाई करतील. त्यांना म्हणावं, "दहाच मिनिटं." त्यांनाही सोबत न्या. त्यांनी तरी कुठं बघितलंय!