जपानी भाषेतील काठिण्यदर्शक क्रियाप्रत्यय आणि मराठी पर्याय

शिरूर तालुक्यातील रांजणगाव किंवा दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींच्या परिसरातील विद्यार्थी जपानी शिकू लागला, की ‘निकुइ’ या प्रत्ययाचा ‘करण्यास अवघड’ हा अर्थ तो पाठ करतो. तांत्रिक भाषांतरात हा अर्थ अपुरा पडतो. ‘साबिरु’ म्हणजे गंजणे. परंतु ‘साबिनिकुइ’ म्हणजे ‘गंजण्यास अवघड’ नव्हे, तर ‘सहसा न गंजणारे’. ‘मोएनिकुइ’ म्हणजे सहजी पेट न घेणारे. येथे काठिण्य नसून वस्तूचा गुण सांगितलेला असतो, आणि रासायनिक कारखान्यातील सूचनापत्रात हा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

रचना सोपी आहे. ‘योमु’ (वाचणे) या क्रियापदाच्या ‘योमिमासु’ या आदरार्थी रूपातील ‘मासु’ गाळून प्रत्यय लावला, की ‘योमिनिकुइ’ सिद्ध होते. ते पुढे विशेषणाप्रमाणे चालते. भूतकाळी ‘योमिनिकुकात्ता’ होते.

‘झुराइ’ हा प्रत्यय मात्र ‘त्सुराइ’ म्हणजे ‘क्लेशदायक’ या शब्दापासून आलेला आहे. अक्षर किरटे असेल तर ‘योमिनिकुइ’, वाचणाऱ्याचे डोळे दुखत असतील तर ‘योमिझुराइ’ असा भेद पारंपरिक मानला जातो. बोलण्यात तो आता पुसट झाला आहे. मराठी शिक्षकास येथे शक्य क्रियापद आठवते: ‘आजीला जिना चढवत नाही’, ‘त्याला हे सांगवत नाही’. अनुभव घेणारी व्यक्ती केंद्रस्थानी असल्याने हे साम्य मोलाचे आहे, पण ते पूर्ण नाही. ‘सांगवत नाही’ यात सांगणे बहुधा राहूनच जाते. ‘इइझुराइ’ म्हटल्यावरही गोष्ट सांगितली जाऊ शकते. म्हणून ‘सांगणे जड जाते’ हा पर्याय अधिक योग्य होय.

‘गाताइ’ ग्रांथिक असून विशेषतः मनोव्यापाराच्या क्रियापदांना लागतो. ‘शिन्जिगाताइ’ म्हणजे विश्वास ठेवण्यास कठीण. ‘एगाताइ’ याची फोड ‘मिळवणे’ अधिक ‘कठीण’ अशी होते, व संस्कृत ‘दुर्लभ’ शब्दाची घडणही नेमकी तशीच आहे. फक्त क्रम उलटा.

खरी अडचण ‘कानेरु’ने होते. ‘इताशिकानेमासु’ हे रूपाने होकारार्थी वाक्य आहे. ग्राहकाच्या पत्रास आलेल्या उत्तरात ते दिसल्यास ‘करणे कठीण आहे, प्रयत्न करू’ असे वाचण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तो सौजन्यपूर्ण, परंतु स्पष्ट नकार असतो. आपल्याकडे ‘जरा कठीणच दिसते’ असे म्हणून काम टाळले जाते, त्याच्याशी हे ताडून दाखविल्यास विद्यार्थ्यांस तो लगेच कळतो.