प्रयोगशाळा सरकारची, नोकर कोणाचे?

अमेरिकेंत कांहीं सरकारी प्रयोगशाळांची व्यवस्था मोठी चमत्कारिक आहे. जमीन सरकारची, यंत्रें सरकारचीं, खर्चही सरकारचाच. परंतु तेथें काम करणारा शास्त्रज्ञ मात्र सरकारचा नोकर नसतो. सरकार एखाद्या विद्यापीठाला अगर कंपनीला कारभाराचा मक्ता देतें, आणि नोकरवर्ग त्या मक्तेदाराचा असतो. मक्तेदार बदलला, तरी माणसें व प्रयोग जागच्या जागींच राहतात. बाहेरून क्षुल्लक दिसणारा हा बदल नोकरांना कसा वाटतो, हें लॉस अलामॉसच्या उदाहरणावरून चांगलें समजतें.

न्यू मेक्सिकोंतील ही प्रयोगशाळा अणुबाँबच्या निर्मितीसाठीं १९४३ सालीं उभारली गेली, आणि तेव्हांपासून तिचा कारभार कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होता. पुढें व्यवस्थेंतील दोषांचा बोभाटा झाला व २००३ सालीं सरकारनें हा मक्ता स्पर्धेस खुला करण्याचें जाहीर केलें. २००४ च्या जुलैंत गुप्त माहितीच्या तबकड्या हरवल्याचा बभ्रा झाला. त्याच सुमारास लेसर किरणांनीं एका विद्यार्थिनीच्या डोळ्याला इजा झाली. संचालकांनीं जवळजवळ सर्व काम बंद ठेवलें. पुढें निष्पन्न झालें तें असें कीं, त्या तबकड्या मुळीं अस्तित्वांतच नव्हत्या!

मक्त्यासाठीं दोन पक्ष उभे राहिले. एकीकडे कॅलिफोर्निया विद्यापीठ व बेक्टेल आदि कंपन्या; दुसरीकडे लॉकहीड मार्टिन व टेक्सास विद्यापीठ. निवडीचा अधिकार सरकारचा; नोकरांना त्यांत मत नव्हतें. मतें मात्र पुष्कळ होतीं.

पहिली चिंता पेन्शनची. आयुष्याचीं वीस-पंचवीस वर्षें विद्यापीठाच्या भरंवशावर घालविलेल्या माणसाला उतारवयांत नव्या कंपनीवर विसंबावें लागणार होतें. दुसरी चिंता संस्थेच्या स्वभावाची. विद्यापीठाचें नांव पाठीशीं असलें, म्हणजे वरिष्ठांना न रुचणारें शास्त्रीय मतही बोलून दाखवितां येतें, असें अनेकांना वाटे. उलट, काम बंद पडल्यामुळें चिडलेले कांहीं जण म्हणत कीं, विद्यापीठ दूर बसून राहिलें; त्यापेक्षां न्यू मेक्सिकोंतलीच सँडिया प्रयोगशाळा चालविणारी लॉकहीड काय वाईट? आणखी कांहींचें म्हणणें असें कीं, दोन्ही पक्षांत कंपन्या आहेतच. मग निवडावयाचें काय? विद्यापीठाला वर्षाकाठीं सुमारें ८० लाख डॉलर मिळत. नव्या मक्तेदाराला ७ कोटी ९० लाखांपर्यंत मिळावयाचे होते. ह्या आंकड्यांकडे पाहतां तो संशय अनाठायीं म्हणवत नाहीं.

२१ डिसेंबर २००५ रोजीं पहिल्या पक्षाची निवड जाहीर झाली आणि १ जून २००६ पासून कारभार नव्या कंपनीकडे गेला. प्रत्येक नोकरापुढें दोन वाटा होत्या: आजवरची नोकरी नव्या कंपनीच्या पेन्शन-योजनेंत वर्ग करावयाची, किंवा विद्यापीठाची पेन्शन तेथेंच थांबवून यापुढें बचत-योजना पत्करावयाची. जुनी वाट तशीच चालू ठेवण्याची मुभा कोणालाही नव्हती.

एवढें करून कारभार निर्दोष झाला काय? २०१४ च्या फेब्रुवारींत, लॉस अलामॉस येथें चुकीचा शोषक पदार्थ घालून भरलेलें किरणोत्सारी कचऱ्याचें एक पिंप कार्ल्सबादजवळील भूमिगत कोठारांत फुटलें. मक्त्याची मुदत पुढें वाढली नाहीं, आणि १ नोव्हेंबर २०१८ पासून तिसरी व्यवस्था आली. तिच्यांतही कॅलिफोर्निया विद्यापीठ आहेच. जोडीला बॅटेल व टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठ.

मक्ता देतांना सरकार खर्च व कार्यक्षमता तोलून पाहतें, हें योग्यच आहे. परंतु पिंप कसें भरावें, तबकड्यांची नोंद कशी ठेवावी, हें अखेर त्याच नोकरांच्या हातीं असतें. दोष दिसतांच तो निर्भयपणें सांगण्याइतका विश्वास त्यांना धन्याविषयीं वाटतो कीं नाहीं, ह्याची किंमत कोणत्याही निविदेंत मांडतां येत नाहीं. ती चुकवावी मात्र सर्वांना लागते.