दारावरचा विक्रेता

उन्हाळ्याची दुपार. गडीमाणसं शेतात गेलेली. ओसरीवर आजी अन् सूनबाई दोघीच. अशा वेळी दारात एक मनुष्य येतो. कपडे स्वच्छ, खांद्याला पिशवी, तोंडात साखर. "आई, पाणी मिळेल का?"

पाणी देणे ही आपली रीतच आहे. वसमतपासून सेनगावपर्यंत कोणत्याही गावी जा, दारी आलेल्याला कुणी तहानलेला धाडत नाही. हे त्यालाही ठाऊक असते. पाणी प्याला की तो ओसरीवर टेकतो. टेकला की पिशवी उघडतो. मग आपल्यालाच वाटते, बिचारा इतका बसला, काहीतरी घ्यावे. त्याचा धंदा या भिडेवर चालतो बघा.

मी हेडमास्तर असून या भिडेत सापडलो. आमच्या घरी आलेल्या माणसाने आधी पितळी तांब्या फुकट घासून लख्ख करून दिला. मग म्हणाला, "बाईंच्या पाटल्याही उजळून देतो." पाटल्या उजळल्या. पण सराफाच्या काट्यावर वजन कमी भरले! त्याच्या वाटीत साधे पाणी नव्हते, तेजाब होते. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ही दोन तेजाबे एकत्र केली की त्यात सोने विरघळते. विरघळलेले सोने वाटीत राहते, आणि वाटी त्याच्याबरोबर जाते. दुसरे काही ठग दागिना हळदीच्या पाण्यात टाकल्यासारखे करतात. डबा चुलीवर ठेवा, अर्ध्या तासाने उघडा, असे सांगून निघून जातात. उघडावे तर आत नुसती हळद. आपल्या हळदीच्या मुलखात हळदीनेच गंडवतात!

म्हणून बोलणे उंबऱ्यावरच संपवावे. पाणी द्यावे, पण बसा म्हणू नये. नमुना हातात घेऊ नये. घेतलेली वस्तू परत देणे जिवावर येते. "मालक घरी नाहीत" असे तर मुळीच सांगू नये. घरात बायकाच आहेत, हे आपणच सांगितल्यासारखे होते. "आम्हाला घ्यायचे नाही," एवढेच म्हणावे. कारण देऊ नये. पैसे नाहीत म्हटले, की तो हप्ते सांगतो.

कंपनीचा माल घरोघर विकणाऱ्यांसाठी, म्हणजे डायरेक्ट सेलिंगवाल्यांसाठी, सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये नियम केले. ओळखपत्र नसताना, किंवा आधी आपली परवानगी न घेता, त्यांनी घरी येऊ नये असा त्यात नियम आहे. तेव्हा ओळखपत्र मागा, आणि स्वतः वाचा. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा फोन आहे. माणूस हटत नसेल तर पोलिसांचा ११२.

मृगाच्या तोंडावर बियाणेवाले येतात. त्यांच्यापासून जास्त जपा. बियाणे विकायला परवाना लागतो, आणि १९८३ च्या आदेशाप्रमाणे पावती द्यावीच लागते. पावती नसेल आणि बी उगवले नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यापुढे काय दाखवाल?

कासार, बोहारीण यांना मी यात धरत नाही. त्या वर्षानुवर्षे येतात, पुढच्या खेपेला तोंड दाखवायचे असते त्यांना.

शेजारच्या वहिनी यंदाच लिहायला शिकल्या. त्यांनी खडूने दारावर लिहिले आहे: "फिरत्या विक्रेत्यांनी दार वाजवू नये." 'क्रे' जरा वाकडा आलाय. पण रस्त्यावरून वाचता येतो.