बाहुली हलतेय का?

पनवेल हे रस्त्यांचं गाव. पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीहून सुटतो, गोव्याचा महामार्ग इथूनच कोकणात उतरतो. डोक्याला मार लागलेला पेशंट त्यामुळे इथल्या आयसीयूला नवा नाही. मेंदूची सूज, कवटीतला दाब आटोक्यात राहावा म्हणून अशाला औषधांनी गाढ झोपवून व्हेंटिलेटरवर ठेवतात. मग तो हाकेला ओ देत नाही, चिमटा काढला तरी हात मागे घेत नाही. सिस्टरच्या हाती उरतो टॉर्च, आणि दाराशी नातेवाइकांचा प्रश्न: "सिस्टर, बाहुली हलतेय ना?"

डोळ्यात शिरलेल्या उजेडाची वर्दी मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि तिथून तिसऱ्या क्रमांकाच्या नसेतून आकसण्याचा हुकूम परत येतो. हा हुकूम वाहणारे तंतू नसेच्या बाहेरच्या अंगाला असतात. आत रक्ताची गाठ वाढून मेंदू सरकला की आधी तेच चिरडतात. एका डोळ्याची बाहुली मोठी होते, उजेडाला दाद देत नाही. गाठ बहुधा त्याच बाजूला असते. तिथून पुढे मिनिटं मोजायची: सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन.

औषधं मात्र घोळ घालतात. फेंटानिल, मॉर्फिनने बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. उजेडाला त्या आकसतात, पण इतक्या किंचित की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि कागदावर 'रिॲक्शन नाही' असं चढतं. प्रोपोफॉलने हालचाल मंदावते. ॲट्रोपिनने दोन्ही रुंदावतात. स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनांवर मात्र उगाच आळ येतो. बाहुलीचे स्नायू वेगळ्या जातीचे, त्यांना ती इंजेक्शनं सहसा लागू पडत नाहीत.

शिरेतून दिलेलं औषध दोन्ही डोळ्यांत सारखंच पोचतं. म्हणून एकच बाहुली बदलली, तर 'सीडेशनमुळे असेल' म्हणून सोडून देणं धोक्याचं. अपवाद आहेत: नेब्युलायझरचा मास्क सैल बसून इप्राट्रोपियमची वाफ एका डोळ्यात गेली, तरी तेवढीच बाहुली फाकते.

प्युपिलोमीटर हे यंत्र आकसण्याचा वेग वगैरे मोजून 0 ते 5 गुण देतं. 3 च्या खाली गेलं की काळजी. यंत्र महाग आहे. पण दर तासाला मिलिमीटरमधलं माप आणि शेजारी औषधाचा डोस लिहायला पैसे लागत नाहीत. 'दोन्ही ठीक' ही मोघम नोंद माझ्या मते न केल्यासारखीच.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरवताना बाहुल्याही तपासतात, पण गुंगीच्या औषधांचा अंमल नाही याची आधी खात्री करावी लागते. मग किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. तेव्हा झोपवलेल्या पेशंटच्या एका नोंदीवरून कुणी आशा सोडू नये.

आणि नातेवाइकांनी एक करावं. पेशंटचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, काचबिंदूचे थेंब चालू आहेत का, डोळ्याला जुना मार आहे का, हे भरतीच्या वेळीच डॉक्टरांना सांगावं; बाहुली त्यानेही बदललेली असू शकते.